‘डिड वेंट’ कुठून येतं?

पत्र इंदूरच्या सुदामा नगरातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई पन्नाशीच्या आहेत. सातवी ते दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी त्या घरीच घेतात. त्यांचं स्वतःचं शिक्षण आधी मराठी शाळेत आणि पुढे हिंदी माध्यमात झालं. शिकवणीला मराठी आणि हिंदी दोन्ही घरांतली मुलं येतात. त्या लिहितात, ‘काळांचा तक्ता भिंतीवर लावलाय, क्रियापदांची तिन्ही रूपं मुलं रोज घोकतात, तरी वहीत ‘डिड यू वेंट’ आणि ‘ही सेड मी’ येतंच.’ शेजारच्या गल्लीत नवा क्लास निघालाय, तिथे हिंदीचा एक शब्द काढला की दहा रुपये दंड. ‘तुम्ही हिंदीत का समजावता?’ असं दोन पालकांनी तोंडावर विचारलं. त्यातच नववीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘आय हॅव सीन इट यस्टरडे’ चूक का, आणि ‘लाय’ नि ‘ले’मध्ये फरक काय? ताईंनी ‘इंग्रजीत असंच असतं’ म्हणून वेळ मारून नेली आणि मग रात्रभर त्यांना झोप आली नाही. शिकवणी बंद करू, फक्त पाचवी-सहावीची मुलं घेऊ, की मीही हिंदी-मराठी बंद करून टाकू, असं त्या विचारतात.

ताई,

आधी त्या नववीतल्या मुलीबद्दल बोलू. शिकवणीला येणारी बहुतेक मुलं ‘हे पेपरात येणार का?’ एवढंच विचारतात. ‘हे चूक का?’ असं विचारणारी मुलगी तुमच्या बैठकीत येऊन बसते आणि तुम्ही शिकवणीला कुलूप लावायचं म्हणताय! तिच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण थोडं थांबा.

पत्रासोबत तुम्ही वह्यांमधली बावीस चुकीची वाक्यं उतरवून पाठवलीत. खरं सांगू, पत्रापेक्षा त्या कागदावर माझा जास्त वेळ गेला. पाठांतर कमी पडतं, असं तुम्ही धरून चालला आहात. पण ‘डिड यू वेंट टू राजवाडा?’ लिहिणाऱ्या मुलाला गो–वेंट–गॉन अगदी चोख पाठ आहे. पाठ नसतं तर त्यानं ‘डिड यू गो’ लिहून पूर्ण मार्क घेतले असते.

मग घोटाळा कुठे झाला? त्याच्या डोक्यात आधी हिंदी वाक्य तयार झालं: ‘क्या तुम राजवाडा गए?’ ‘क्या’च्या जागी त्यानं ‘डिड’ बसवला, ‘तुम’च्या जागी ‘यू’ आणि ‘गए’च्या जागी पाठ असलेला ‘वेंट’. त्याच्या हिशेबानं सगळं बरोबर आहे. मराठी घरातल्या मुलाचंही तेच होतं, कारण ‘तू गेला होतास’ला शेवटी ‘का’ चिकटवलं की आपला प्रश्न तयार. क्रियापद जागचं हलत नाही, त्याचा काळही बदलत नाही. इंग्रजीत मात्र ‘डिड’ नुसता प्रश्न विचारत नाही, तो भूतकाळही स्वतःच्या डोक्यावर घेतो. एकानं पेटी उचलली की दुसरा रिकाम्या हातानं चालतो, म्हणून ‘गो’. ‘डज ही गोज’ हीच चूक आहे, फक्त तिथे पेटीत ‘एस’ आहे. मुलांना सांगा, ‘डिड’ म्हणजे ‘क्या’ आणि भूतकाळ, दोन्ही. हे एक वाक्य तुमच्या भिंतीवरच्या तक्त्याहून जास्त कामाचं आहे. आणि ‘हे डू-डिड काढलं कुणी?’ असं कोणी वैतागून विचारलं तर सांगा की चारशे वर्षांपूर्वी इंग्रजही त्याच्याशिवाय सर्रास प्रश्न विचारत, क्रियापद नुसतं पुढे आणून. तेव्हा जन्मलो असतो तर आपली एक डोकेदुखी वाचली असती.

तुमच्या यादीतलं दुसरं वाक्य, ‘ही सेड मी’. हे तर अस्सल इंदुरी आहे. हिंदीत ‘उसने मुझे बोला’, आणि आपण इंदूरकर मराठीतही बिनदिक्कत ‘तो मला बोलला’ म्हणतो. पुण्याच्या आत्याबाईंनी कितीही नाक मुरडलं तरी म्हणतो. त्यात माझं काही भांडण नाही, पण ‘से’ आणि ‘टेल’ शिकवायला मराठीनं दोन सोन्यासारखी क्रियापदं दिलीत, ती ‘बोलला’खाली दबून गेली. म्हणणे आणि सांगणे. ‘म्हणाला’मध्ये लक्ष असतं ते काय म्हटलं याकडे, ‘सांगितलं’मध्ये कुणाला याकडे. ‘टेल’ला लगेच माणूस लागतो: ‘ही टोल्ड मी’. ‘से’ला नाही लागत, आणि आणायचाच असेल तर मध्ये ‘टू’ हवा. एक्सप्लेन आणि सजेस्टही ‘से’च्याच बाजूचे, म्हणून ‘एक्सप्लेन मी’ चालत नाही, ‘एक्सप्लेन इट टू मी’. मराठी घरातल्या मुलांकडून आधी मराठीतच पाच वाक्यं करून घ्या, ‘बोलला’ न वापरता. मग इंग्रजीकडे वळा. हिंदी मुलांना ‘कहा’ आणि ‘बताया’ द्या, काम भागतं.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गठडी ‘हॅड’ची. तुमच्या बावीसपैकी सहा वाक्यं या एकाच जातीची आहेत. ‘आय हॅड गॉन टू माय अंकल्स हाउस यस्टरडे.’ ही चूक फक्त मुलांची नाही, चांगले शिकलेले लोकही अर्जात आणि ईमेलमध्ये ती करतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपण म्हणतो ‘मी काल मामाकडे गेलो होतो’. नुसतं ‘मामाकडे गेलो’ म्हटलं तर ऐकणारा ‘मग?’ म्हणून पुढची गोष्ट ऐकायला थांबतो. ‘गेलो होतो’ म्हटलं की गेलो, जेवलो, परत आलो, विषय संपला. मराठीला आणि हिंदीला एवढ्यासाठी ‘होतो’ लागतो. इंग्रजीला लागत नाही, तिथे साधा ‘वेंट’ पुरतो. ‘हॅड गॉन’ तेव्हाच येतो, जेव्हा भूतकाळातल्या दुसऱ्या एका क्षणाच्या आधी काही घडून गेलेलं असतं. ‘मी स्टेशनवर पोचलो तोवर अवंतिका सुटली होती.’ इथे पोचणं हा एक क्षण, गाडी सुटणं त्याच्याही आधीचं, म्हणून ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’. मुलांना एकच सवय लावा: ‘हॅड’ लिहिला की विचारायचं, कशाच्या आधी? उत्तर वाक्यात किंवा मागच्या वाक्यात सापडलं नाही तर ‘हॅड’ खोडायचा. सहातली पाच वाक्यं तिथल्या तिथे दुरुस्त होतील.

आता तुमच्या त्या मुलीचा पहिला प्रश्न. ‘हॅव सीन’ म्हणजे मी आज इथे उभी आहे आणि पाहिल्याचा अनुभव माझ्या गाठीशी आहे. तो कधी घेतला हे महत्त्वाचं नाही. ‘यस्टरडे’ म्हटलं की गोष्ट कालच्या खोलीत बंद झाली, तिला आजचा ‘हॅव’ जोडता येत नाही. काल, गेल्या वर्षी, २०२३ मध्ये, दोन दिवसांपूर्वी, असं काही आलं की साधा भूतकाळ. तिला हे वाक्य चुकीचं का वाटलं नाही, तेही तिला सांगा. आपण ‘अगं, कालच पाहिलाय’ म्हणतो, हिंदीत ‘कल ही तो देखा है’ म्हणतात, आणि दोन्ही अगदी बरोबर आहेत. तिचा कान बिघडलेला नाही, प्रत्येक भाषेनं कुंपण वेगळ्या जागी घातलंय. आणखी एक सावधगिरी. मुलं मोबाइलवर अमेरिकी इंग्रजी ऐकतात. तिथे ‘डिड यू ईट यट?’ सहज चालतं, आपल्या पुस्तकात मात्र ब्रिटिश वळणाचं ‘हॅव यू ईटन यट?’ असतं. पोरं त्यावर वाद घालतील, घालू द्या, पेपरात पुस्तकातलं लिहा म्हणावं. ‘हॅव’सोबत ‘यस्टरडे’ मात्र कुठल्याच देशात बसत नाही.

‘सिन्स टेन इयर्स’वर फार वेळ घालवू नका. आपल्याकडे ‘पासून’ एकच, हिंदीत ‘से’ एकच, त्यांच्याकडे दोन. कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवता येत असेल तर सिन्स, लांबी मोजायची असेल तर फॉर. सराफ्यात आठ वाजल्यापासून उभा असेल तर सिन्स, अर्ध्या तासापासून उभा असेल तर फॉर. आणि दोन्हीकडे ‘हॅव बीन’ हवं, आपण ‘उभा आहे’ म्हणतो म्हणून नुसतं ‘ऍम’ लावून भागत नाही.

‘आय ऍम एग्री’ आणि ‘आय ऍम हॅविंग टू ब्रदर्स’ यांचं मूळ आपल्या ‘आहे’मध्ये आहे. मी सहमत आहे, मला दोन भाऊ आहेत, मला माहीत आहे. जिथे ‘आहे’ दिसला तिथे मुलं ‘ऍम’ घालतात. एग्री, नो, हॅव, बिलाँग ही स्वतः क्रियापदं आहेत, त्यांना ‘ऍम’ची कुबडी नको, एवढं सांगून पुढे चला.

एका मुलानं इंदूरवरच्या निबंधात लिहिलेलं वाक्य वाचून मात्र मी मोठ्यानं हसले. ‘होळकर कॉलेज वॉज फाउंड इन १८९१.’ म्हणजे १८९१ मध्ये होळकर कॉलेज सापडलं! बिचारं हरवलं कधी होतं? फाउंड म्हणजे स्थापन करणे, त्याचा भूतकाळ फाउंडेड. फाइंड म्हणजे सापडणे, त्याचा भूतकाळ फाउंड. याच मुलाचं यादीतलं दुसरं वाक्य ‘आय ऍम फाइंडिंग माय बुक’. इथेही मराठी मदतीला येते. शोधतोय म्हणजे ‘लुकिंग फॉर’, सापडलं म्हणजे ‘फाउंड’. शोधणं आणि सापडणं यांत कुठलंही मराठी मूल गोंधळत नाही. गोंधळ झाला तो ‘फाइंड म्हणजे शोधणे’ असं एका शब्दाला एक शब्द लावून पाठ केल्यामुळे.

घोकण्यातून नुकसान होतं ते इथे. तीन रूपांची यादी मी टाकून द्या म्हणत नाही. इंग्रजीत अनियमित क्रियापदं दोनशेच्या आसपास आहेत, रोज लागणारी त्याहून बरीच कमी, आणि ती पाठ हवीतच. पण एबीसीडीच्या क्रमानं नको, कानाला लागणाऱ्या नात्यानं लावा. कट, पुट, हिट, शट, हर्ट, कॉस्ट ही कधीच न बदलणारी मंडळी एका ओळीत. सिंग, रिंग, ड्रिंक, स्विम, बिगिन दुसऱ्या ओळीत. थिंक, बाय, कॅच, टीच, ब्रिंग तिसऱ्या. ‘ब्रिंग’ दिसायला ‘सिंग’चा भाऊ, पण राहतो तिसऱ्या घरात, हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ‘ब्रँग’ ऐकावं लागणार नाही. आणि प्रत्येक रूप वाक्यात आणि वेळेसकट म्हणवून घ्या. मराठीतही जाणेचा भूतकाळ ‘गेला’, करणेचा ‘केला’, होणेचा ‘झाला’, मरणेचा ‘मेला’. आपल्याला कुणी तक्ता दिला होता? तीन वर्षांचं पोर ‘मी जालो’ म्हणतं, आपण हसून ‘गेलो’ म्हणतो आणि महिन्याभरात ते सुधारतं. गंमत म्हणजे इंग्रजीचा ‘वेंट’सुद्धा ‘गो’चा नाहीच, ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाकडून उचललेला आहे. हे मुलांना सांगा, ती खूश होतात.

जाता जाता एक धोक्याचा कंदील, खास मराठी घरातल्या मुलांसाठी. पॅसिव्ह शिकवताना ‘पॅसिव्ह म्हणजे कर्मणी’ असं म्हणू नका. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी चिंच खाल्ली’ आपल्या व्याकरणात कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद आंब्याच्या आणि चिंचेच्या मागे जातं. इंग्रजीत तेच ‘आय एट’, म्हणजे सरळ ऍक्टिव्ह. ‘खाल्ला गेला’, ‘बांधण्यात आला’ अशा वाक्यांवरून पॅसिव्ह शिकवा.

आता हिंदी-मराठी बंद करण्याबद्दल. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही वर्गात दंडाचा डबा ठेवला होता, एका शब्दाला पंचवीस पैसे. महिन्याभरात सव्वादोन रुपये जमले आणि मला वाटलं, मोहीम फत्ते! मग लक्षात आलं की मुली बोलायच्याच बंद झाल्या होत्या. ज्या बोलत होत्या त्या ‘येस मॅम’, ‘नो मॅम’ आणि ‘मे आय गो टू द टॉयलेट’. डबा मी गुपचूप घरी नेला, पुढे त्यात जिरं ठेवलं.

वर लिहिलेल्यापैकी एकही गोष्ट मुलांच्या भाषेची मदत न घेता तुम्ही त्यांना समजावू शकणार नाही. इंग्रजीतून इंग्रजी समजावणं मोठ्या मुलांना जमतं, ज्यांना आधीच बरंच येतं त्यांना. तुमच्या सातवीच्या मुलाला ‘पास्ट पर्फेक्ट’ची व्याख्या इंग्रजीत ऐकवली तर त्याच्या हाती दोन कोडी येतील.

पण त्या गल्लीतल्या क्लासची एक गोष्ट खरी आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. तिथे मुलांना तोंड उघडावं लागतं. तुमच्या पत्रात तक्ता आहे, वही आहे, पाठांतर आहे. मुलं इंग्रजीत बोलली असं मात्र कुठेच नाही. पालक हिंदीची तक्रार करतात, पण मला वाटतं त्यांना टोचतं ते हेच. मुलगा दोन वर्षं शिकवणीला जातो आणि घरी पाहुणे आले तर एक वाक्य बोलत नाही.

म्हणून समजावताना हिंदी-मराठी ठेवा, करून घेताना इंग्रजी. रोजची पहिली दहा मिनिटं कालच्या दिवसाला द्या. एकानं काल केलेली एक गोष्ट इंग्रजीत सांगायची आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. काल ‘छप्पन दुकान’च्या खाऊगल्लीत काय खाल्लं, कुणाबरोबर गेलास, पैसे कुणी दिले. ‘डिड’चा सराव याहून चांगला कुठे होणार? मध्येच कुणाला टोकू नका. तुम्ही कागदावर टिपत राहा आणि शेवटी एकच जात उचला. आज ‘हॅड’, तर बाकीच्या चुका आज तुम्हाला ऐकूच आल्या नाहीत असं समजा. हे अवघड जातं, मला तर फार जायचं, जीभ चावत बसायचे. आठवड्याला एक जात घेतली तर तुमचा हा कागद दोन-अडीच महिन्यांत संपतो.

वहीत मुलांनी चुकलेलं वाक्य, त्याच्या वर ते डोक्यात ज्या भाषेत आलं ते वाक्य आणि खाली दुरुस्त इंग्रजी, असं तीन ओळींत लिहायचं. वरची ओळ स्वतः लिहिली की चूक कुठून आली ते मुलाला आपसूक दिसतं. ग्वाल्हेरला किंवा बडोद्याला कुणी शिकवत असेल तर त्यांनीही हे करून पाहावं. बडोद्यात वरच्या ओळीत गुजराती येईल, एवढाच फरक.

तुमच्या स्वतःच्या इंग्रजीची भीती राहिली. शिकणाऱ्यांसाठी बनवलेला एक चांगला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश घ्या, मोबाइलवरचाही चालेल. त्यात क्रियापदाची रूपं असतात, त्याला कर्म लागतं की नाही हे असतं आणि उदाहरणाची वाक्यं असतात. आपल्या इंग्रजी-हिंदी कोशात ‘से’ म्हणजे कहना आणि ‘टेल’ म्हणजेही कहना, तिथूनच तर रामायण सुरू होतं. आणि मुलीनं अडवलं तर ‘उद्या बघून सांगते’ म्हणायला मुळीच लाजू नका. फक्त उद्या खरंच सांगा.

फक्त पाचवी-सहावी घ्यायचा विचार मला पटत नाही. लहान मुलं जास्त ‘का’ विचारतात. दहावीच्या पेपराचा ताण नको असेल तर ते वेगळं, मग पुढच्या एप्रिलपासून दहावी घेऊ नका, पण या मुलांना वर्षाच्या मध्ये सोडू नका. त्या दोन पालकांशी वाद घालण्यात अर्थ नाही. महिन्याभरानं त्यांना एक दिवस त्या पहिल्या दहा मिनिटांना बोलवा आणि मागे खुर्चीवर बसवा. चहा नंतर द्या, नाहीतर तेच बोलत बसतील.

राहिला लाय आणि ले. मुलीला विचारा, पडणे आणि पाडणे यांत फरक काय? तुटणे-तोडणे, मरणे-मारणे, उठणे-उठवणे? ती लगेच सांगेल, एक आपोआप, दुसरं कुणीतरी करतं. इंग्रजीतही अशा काही जोड्या उरल्या आहेत. राइज म्हणजे उठणे, रेज म्हणजे उठवणे, वर करणे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे, मांडणे. तसंच लाय म्हणजे आडवं होणे, पडून राहणे आणि ले म्हणजे ठेवणे, अंथरणे. कोंबडी अंडं घालते तिथेही ‘ले’च, कारण अंडं हे कर्म आहे. रूपं अशी: लाय–ले–लेन, आणि ले–लेड–लेड. म्हणजे पहिल्याचा भूतकाळ नेमका दुसऱ्याचा वर्तमानकाळ, आणि लोक अडखळतात ते इथेच. खोटं बोलण्याचा ‘लाय’ तिसराच, त्याचं लाइड–लाइड. तिला तीन ओळी लिहून द्या आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना तिलाच शिकवू द्या.

अगदी पडणे-पाडणेचीही जोडी त्यांच्याकडे आहे. फॉल म्हणजे पडणे आणि झाड पाडणे म्हणजे ‘फेल’. फॉलचा भूतकाळही ‘फेल’. आणि आपल्याकडे नापास झालेल्यालाही ‘फेल’च म्हणतात, म्हणून हा शब्द वार्षिक परीक्षा होईपर्यंत काढू नका.